डाव्या चाकाची पिन

आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी. काम : शेडमधली हत्यारं डिझेलनं पुसणे, मोजणे आणि पूजेला पाटावर मांडणे.

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. दुपारचे साडेतीन वाजले होते. पाने झाले, गोट्या, म्हणजे नटावर बसवायची सॉकेटं, झाल्या, पक्कडी आणि हातोड्या झाल्या. शेवटी बाकावरची किडूकमिडूक आवरायला घेतली. त्यात श्रीखंडाच्या डब्याचं एक झाकण होतं आणि त्या झाकणात एक नवी स्प्लिट पिन पडलेली होती.

बोटाच्या दोन पेरांएवढी, दोन पायांची, केसांत खोचायच्या आकड्यासारखी दिसणारी वस्तू. धंद्याबाहेरचा माणूस ती केरात टाकेल. मी ती हातात घेतली आणि स्टुलावर बसले, कारण ती तिथे असायला नको होती. ती साताऱ्यात, एका गाडीच्या पुढच्या डाव्या चाकात असायला हवी होती. आणि त्या गाडीत दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी सात वाजता, ब्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ बसून यवतेश्वरचा घाट चढणार होते.

संपादकांनी मला 'घरच्या घरी स्पोर्ट्‌स कार' या विषयावर लिहायला सांगितलं आहे. त्यांना बहुधा गाडीचं कौतुक हवं असावं. ते मी थोडक्यात करते. पण या गाडीचं नाव निघालं की मला आठवते ती ही पिनच.

मी इस्लामपूरजवळ राहते. वय त्रेपन्न. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्या दुरुस्त करते. धंदा मूळचा सासऱ्यांचा. ते साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही शेड टाकली. माझे मिस्टर फौजेत होते, वर्षातून दोन महिने घरी. मी मामंजींना शेडमध्ये चहा न्यायचे. मग हाताशी पाना द्यायला लागले. मग 'हा बसणार नाही, पुढचा घ्या' असं म्हणायला लागले. एक दिवस मामंजींनी पाना माझ्या हातात दिला आणि चहा स्वतः करून आणला. माझं शिक्षण झालं ते एवढंच. मामंजी जाऊन आता अकरा वर्षं झाली.

कारखान्यातली जुनी यंत्रं विलायती होती, त्यामुळे मामंजींचे पाने इंचांतले, म्हणजे आमच्या बोलीत सुतातले. आठ सूत म्हणजे एक इंच. आजच्या गाड्यांना मिलिमीटरचे पाने लागतात, त्यांना आम्ही नंबर म्हणतो. चार सुताच्या नटाला तेरा नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो. नुसता वाटतो. जोर लावला की नटाचे कोपरे जातात आणि मग छिन्नी घेऊन बसावं लागतं. म्हणून जुन्या विलायती गाड्या इकडेतिकडे फिरून शेवटी माझ्या दारात येतात. सुरुवातीला तरी लोक माझ्याकडे आले ते माझ्या हातांसाठी नाही, मामंजींच्या पान्यांसाठी.

बाई पाहून लोक गोंधळतात, याचा मला आता राग येत नाही. पलूसचे एक द्राक्ष बागायतदार जुनी जीप घेऊन आले आणि मिस्त्रींना बोलवा म्हणाले. मी म्हटलं, "बोला." ते म्हणाले, "न्हाई, मिस्त्री कवा येणार त्ये सांगा." मी जीपखाली शिरले. बाहेर आले तेव्हा ते आमच्या सासूबाईंना विचारत होते, "आवं मावशी, मिस्त्री कुठं गेलं?" सासूबाई म्हणाल्या, "ह्ये काय, तुमच्या जीपखालनं आलं."

मामंजींनी मला दोन सवयी लावल्या. पहिली, जोडणीला लागणारे नवे सुटे भाग आधीच मोजून झाकणात काढायचे. काम संपलं की झाकण रिकामं दिसलं पाहिजे. दुसरी, शेंदराची. नट शेवटचा आवळला, त्याला पिन असेल तर पिन घातली, पिनेचे पाय वाकवले, की तेलात कालवलेल्या शेंदराचा एक ठिपका द्यायचा. अर्धा नटावर, अर्धा बोल्टवर. शेंदूर दिसला म्हणजे तो नट पुरा झाला, त्याकडे पुन्हा बघायचं नाही. शेंदूर नाही म्हणजे काम बाकी आहे, मग ते कितीही पुरं झाल्यासारखं दिसो.

या ठिपक्यानं मला बरंच सांभाळलं आहे. लोणंदचे एक कांद्याचे व्यापारी एकदा तावातावानं आले. "चाक खडखडतंय. तुमी नीट बसवलंच न्हाई." मी चाकाची टोपी काढली. पाचही नटांवर शेंदूर होता, पण नटावरचा अर्धा ठिपका बोल्टवरच्या अर्ध्याशी जुळत नव्हता. मी विचारलं, "पंक्चर कुठे काढलंत?" ते म्हणाले, "तुमाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "शेंदरानं." तेव्हापासून ते येताना माझ्यासाठी कांद्याची पिशवी आणतात.

एवढं सांगितलं कारण पुढची चूक याच सवयीच्या पोटातून निघाली.

ती गाडी महेशरावांची. खरं तर त्यांच्या वडिलांची. महेशराव साताऱ्यात नोकरी करतात. त्यांचे वडील आप्पा फौजेत ड्रायव्हर होते आणि एका साहेबांची गाडी चालवत. दोनच सीटची, बिनछपराची, बुटकी, लाल विलायती गाडी. साहेब देश सोडून गेले तेव्हा गाडी आप्पांच्या हवाली करून गेले. आप्पांनी ती काही वर्षं चालवली, मग भाग मिळेनात म्हणून गावाकडच्या गोठ्यात उभी केली. ती तिथे इतकी वर्षं उभी राहिली की ट्रकवरून माझ्याकडे उतरवली तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडीची तीन अंडी होती.

अशी गाडी घरी दुरुस्त करायची म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगते. निम्मं काम खोलण्याचं असतं, निम्मं शोधण्याचं आणि निम्मं वाट बघण्याचं. तीन निम्मी झाली हे मला कळतंय. हिशोब तसाच असतो. गाडीच्या तळाचा पत्रा इतका कुजला होता की आतून बाक पुसायचं फडकं टाकलं तर ते खाली जमिनीवर पडायचं. तो कापून नवा जोडला. उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं, ते सगळं नव्यानं ओढलं. पेट्रोलच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं; ते कळायला मला पाच दिवस लागले आणि काढायला पाच मिनिटं. ब्रेकचे रबर बाहेरून मागवले. दोन बुशिंग गावातल्या लेथवर करून घेतल्या. छपराची ताडपत्री मी माझ्या मशिनवर शिवली, दोन सुया मोडून.

चौदा महिने गेले. या काळात आप्पा एकदाच आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "दसऱ्याला गावाकडं जायाचं हाय हिच्यातनं. माझ्या बानं हिला कवा बगितलीच न्हाई, पर गाव तरी बगंल." त्यांचं गाव साताऱ्याहून कासच्या बाजूला आहे. वाट यवतेश्वरच्या घाटातून जाते. मी म्हटलं, दसऱ्याला देते. मी एकदा शब्द दिला की मला झोप कमी लागते, म्हणून सहसा देत नाही. या वेळी दिला.

अष्टमीला दुपारी महेशराव गाडी न्यायला आले आणि चालवत साताऱ्याला घेऊन गेले. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "ताई, लोण्यासारखी पळाली." मी त्या दिवशी पोटभर जेवले.

आणि नवमीला झाकणात ही पिन.

पुढच्या चाकाची गोष्ट अशी असते. चाक ज्यावर फिरतं त्या हबला मधोमध एक मोठा नट असतो. तोच सगळं धरून ठेवतो. पण तो करकचून आवळता येत नाही, नाहीतर आतलं बेरिंग जळतं. आधी आवळायचा, मग किंचित सोडायचा आणि मग त्याच्या खाचेतून आणि मधल्या दांड्याच्या भोकातून आरपार पिन घालून तिचे पाय वाकवायचे. म्हणजे तो नट ढिलाच असतो. त्याला फिरू देत नाही ती फक्त पिन. उजव्या चाकाला पिन नसली तर एकवेळ निभावतं, कारण गाडी पुढे जाताना तिकडचा नट आवळायच्या दिशेनं ओढला जातो. डाव्या बाजूला तो सुटायच्या दिशेनं ओढला जातो.

मी आधी स्वतःला समजावून पाहिलं. पिना तीन काढल्या असशील, एक जास्तीची. पाकिटात दहा येतात. पाकीट याच गाडीसाठी फोडलं होतं. मोजल्या. आठ होत्या. झाकणातली धरून नऊ. म्हणजे गाडीत एकच. उजव्या चाकाची पिन वाकवताना तिचा पाय माझ्या अंगठ्याला लागला होता, तो ओरखडा अजून होता. दुसरा ओरखडा नव्हता. हा काही पुरावा नाही, पण त्या वेळी मी अंगठा उलटासुलटा करून बघत होते.

मग आठवायला बसले. अष्टमीला सकाळी डावं चाक काढून गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर होती. मी नट बसवला, आवळला, किंचित सोडला. तेवढ्यात दारात कुणी ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन आलं, "ताई, दोन मिंटं भायेर या." दोन मिनिटांची वीस झाली. परत आले, हबकडे बघितलं. नटावर शेंदूर होता. ग्रीसची टोपी ठोकून बसवली, चाक चढवलं, गाडी खाली घेतली.

नटावर शेंदूर होता. हे मला स्वच्छ आठवत होतं. पिन घातल्याशिवाय मी शेंदूर लावत नाही. मग शेंदूर कुणी लावला?

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवर झेंडूची माळ ओवत होत्या. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आत्याबाई, काल गाडी गेली तेव्हा चाकांना काही लावलं होतं का?"

"लावलं की. येवढ्या वर्सानं भायेर पडत हुती, मोकळ्या कपाळानं कशी घालवायची?"

"कुंकू?"

"कुकवाचा करंडा देवघरात ऱ्हायला हुता. तुझ्या बाकावर शेंदराची डबी हुती न्हवं, त्यातलाच लावला. तीन चाकांना लावला. चवथं तू काढून ठिवलेलं, मग तितं मधल्या बोंडाला लावला. अगदी मधोमध बसला बग."

मी म्हटलं, "बरं." आणि फोन घेऊन शेडमध्ये गेले.

महेशरावांचा फोन लागेना. पाच मिनिटांनी केला, पुन्हा लागेना. गाडी चालवताना फोन लागत नाही अशी जागा कोणती, हे मी मनात शोधत होते आणि दर वेळी मला घाटच सापडत होता. चार वाजले. साडेचार वाजले. साताऱ्याला निघावं म्हटलं, तर निघून जायचं कुठे? गाडी घरी आहे की वाटेत, हेच माहीत नव्हतं. मी राहिलेली हत्यारं पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. एकीकडे डोकं सांगत होतं, पंचाहत्तर किलोमीटर गेली ना, काही झालं नाही ना? दुसरीकडे तेच डोकं सांगत होतं, पंचाहत्तर किलोमीटर तो नट सुटायच्या दिशेनं फिरलाय.

दिवेलागणीला महेशरावांचाच फोन आला. ते मोटरसायकलवरून गावी गेले होते, घर झाडून घ्यायला. तिथे रेंज नसते. गाडी साताऱ्यात अंगणात उभी होती.

"ताई, इतके मिसकॉल? काय झालं?"

इथे मला दोन वाटा होत्या. 'एक किरकोळ तपासणी राहिली' असं म्हणता आलं असतं. ते म्हणाले असते, दसऱ्यानंतर बघू. म्हणून मी सरळ सांगितलं. "पुढच्या डाव्या चाकात एक पिन घालायची राहिलीय. चाक निघू शकतं. चूक माझी आहे. गाडी जागची हलवू नका."

मग ते म्हणाले, "मी त्याच चाकावर हायवेनं आलो?"

"हो."

"आणि उद्या आप्पा डाव्या बाजूला बसणार होते."

"हो. मी सकाळी पहिल्या एसटीनं येते. सातच्या आत पोचते."

"इथलाच कुणी मेकॅनिक बघितला तर?"

"आज खंडेनवमी. कोण हत्यार उचलेल? आणि माझी चूक आहे, मीच येते. गाडीची किल्ली तेवढी स्वतःकडे ठेवा."

"किल्ली आप्पांकडे आहे. उशाखाली. चारला उठतात ते. गाडी त्यांची, ताई, मी कशी मागू?"

"मग त्यांना सांगा."

"सांगतो. पण ऐकतील याची खात्री नाही. म्हणतील, काल पळाली तर उद्या का पळणार नाही?"

मी विचार केला. "डाव्या पुढच्या चाकातली हवा सोडा. सगळी. व्हॉल्व्हमध्ये काडी घालून दाबून धरा. बसलेल्या चाकावर कुणी गाडी काढणार नाही."

ते बरं म्हणाले.

फोन ठेवून वळले तर आत्याबाई दारात उभ्या. त्यांना ऐकू कमी येतं असं सगळे म्हणतात. ते सोयीपुरतं खरं आहे.

"म्या लावल्याला शेंदूर नडला व्हय?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"खोटं बोलू नगं."

"डबी बाकावर उघडी मी ठेवली. टोपी ठोकायच्या आधी पिन बघायचं काम माझं होतं. मी पिन बघितलीच नाही, झाकणही बघितलं नाही, लाल बघितलं. तुमचा काही संबंध नाही."

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. अजूनही असंच म्हणते. तीस वर्षांत माझ्या डोळ्यांना नट बघायची सवय राहिली नव्हती. खूण दिसली की डोळे पुढे सरकायचे. खूण दुसऱ्या कुणाच्या हातची असू शकते, हे मनातही येत नव्हतं. आणि ज्या घरात प्रत्येक चाकाला, जात्याला, उंबऱ्याला बोट लावतात, त्या घरात मी लाल ठिपक्यावर माणसांचे जीव सोपवले होते. मामंजींना हे सुचायला हवं होतं. ते गेले, मग मला सुचायला हवं होतं.

दुसरी अडचण पाटावर होती. हत्यारांना हळदकुंकू वाहिलेलं, पुढे समई लावलेली. आमच्याकडे नवमीला मांडलेलं हत्यार दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय उचलत नाहीत. मामंजींनी एकदा स्वतःच्या मुलाला नवमीला पंक्चर झालेली स्कूटर ढकलत तीन किलोमीटर नेऊ दिली होती, पण पाना उचलला नव्हता. मी हे सगळं मानते असं नाही. पण आत्याबाई मानतात, आणि सणाच्या दिवशी त्यांच्यासमोर पाट विस्कटायचा म्हणजे मला जडच होतं. मी पाटाकडे बघत उभी राहिले.

आत्याबाई पुढे आल्या. वाकायला त्यांना त्रास होतो. एक हात भिंतीला लावून वाकल्या. विचारलं, "कुठलं लागतंय?"

"नऊ सुताची गोटी. तिची दांडी. पक्कड. लहान हातोडी."

त्यांनी एकेक उचललं, पदरानं हळद पुसली आणि माझ्या हातात दिलं. चुकून दहा सुताची गोटी उचलली, मी नाही म्हटल्यावर परत ठेवली आणि बरोबर उचलली.

"येवढीच ने," त्या म्हणाल्या. "बाकीची बसू देत. तुझ्या मामंजींना म्या सांगते काय सांगायचं त्ये." मग जाताजाता, माझ्याकडे न बघता, "आन् उद्या येताना सोनं घिऊन ये. हितं झाडं ऱ्हायली न्हाईत आपट्याची."

पहाटे पावणेपाचच्या एसटीत बसले. पिशवीत हत्यारं, रुमालाच्या गाठीत पिना, एक नव्हे तीन. सणाची गर्दी होती, शेजारच्या बाईनं विचारलं, "माहेरी का?" मी म्हटलं, "हो." कराड गेल्यावर महेशरावांना फोन केला. वाजत राहिला. उंब्रजला पुन्हा केला. वाजत राहिला. रस्त्याच्या कडेला प्रत्येक थांबलेल्या गाडीकडे मी बघत होते आणि लाल काही दिसलं की सीटवरून अर्धी उठत होते. दसऱ्याच्या दिवशी लाल काय कमी दिसतं! झेंडूच्या टोपल्यांवरची फडकी, ट्रॅक्टरवरच्या झुली, सगळं लाल.

स्टँडवरून रिक्षा केली. महेशरावांच्या फाटकापाशी उतरले तेव्हा पावणेसात झाले होते. इंजिनचा आवाज येत होता.

तो आवाज मी चौदा महिने कानांनी घडवला होता. दुसऱ्या कशाचा असणं शक्य नव्हतं.

अंगणात गाडी सुरू होती. आप्पा कोट-टोपी घालून स्टिअरिंगवर बसले होते. चाकाशेजारी पायपंप पडलेला. डावं पुढचं चाक टम्म फुगलेलं. महेशराव टॉवेल गुंडाळलेले, अंगाला साबण, दारातून ओरडत होते, "आप्पा, थांबा म्हटलं ना!"

"तू गप रं!" आप्पा म्हणाले. "चाक बसलं हुतं, म्या भरलं. फौजेत असली चाकं रोज भरल्यात." त्यांनी गिअर टाकला.

मी पिशवी टाकली आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून गाडीसमोर उभी राहिले. दुसरं काही सुचलं नाही. गाडी बुटकी आहे. मी तिच्यापेक्षा उंच दिसत असेन.

"आप्पा, बंद करा."

"आगं पोरी, सर बाजूला. फाटकापत्तूर नेतुया फकस्त."

"फाटकाबाहेर उतार आहे. माझ्या हातून पिन राहिलीय. बंद करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चाकाकडे. "पिन? ह्यो तर म्हनला, काय तरी बगायचं ऱ्हायलंय."

महेशराव टॉवेलची गाठ पुन्हा बांधू लागले. आप्पांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

जॅक आणि गाडीचे जुने सुताचे पाने गाडीतच होते. चाक काढलं, टोपी उचकली. ग्रीसमध्ये नट, नटाच्या बरोबर मधोमध आत्याबाईंचा ठसठशीत टिळा, आणि पिनेचं भोक मोकळं. मी दोन बोटांनी नट धरला. तो फिरला. जिथे मी सोडला होता, तिथून दीड आटा, म्हणजे दीड फेरा, मागे आला होता.

आप्पा गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होते. "अजून किती ऱ्हायलं हुतं?"

"चार आटे."

"घाट चार आट्यांचाच आसंल," ते म्हणाले.

मी नट आवळला, किंचित सोडला, खाच भोकासमोर आणली, पिन घातली, पाय वाकवले. दुसऱ्या पायाला दोनदा पक्कड लावावी लागली. आप्पा तोवर बोलत होते. "फौजेत आसतीस तर पंधरा दिस पिट्टू घालून पळिवली असती तुला. म्हायती हाय का पिट्टू? पाटीवर बोजा आन् पळ मैदानभर." मी म्हटलं, "माहीत आहे. आमचे मिस्टर पळालेत." ते म्हणाले, "काय केलं हुतं त्येनं?" मी म्हटलं, "आप्पा, पक्कड द्या." त्यांनी दिली.

मग मी जॅक उजव्या बाजूला नेला. महेशराव आता कपडे घालून आले होते. "ताई, तिकडची पिन तर घातलीय ना? उशीर होतोय."

"तिकडेही शेंदूर आहे," मी म्हटलं. "माझा का आत्याबाईंचा, मला आता सांगता येत नाही."

चारी चाकं काढली. टोप्या काढल्या. डिझेलच्या बोळ्यानं एकेक नट पुसला. हबचे, चाकांचे, स्टिअरिंगचे, ब्रेकचे. बोळा लालभडक झाला. महेशरावांच्या पत्नी ओवाळायचं ताट घेऊन पायरीवर उभ्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "ताई, दसऱ्याच्या दिवशी पुसताय?"

"पुसते," मी म्हटलं. "तुम्ही बॉनेटवर हवं तेवढं लावा. चाकांना बोट लावू नका. आज नाही, कधीच नाही."

मग कोरा नट हातात धरून बघायचा, पाना लावायचा, पिन असेल तर ती डोळ्यांनी नाही, बोटानं चाचपायची. असं सगळं पुन्हा केलं. साडेआठ वाजले. कुणी घाई केली नाही. खूण कशाची करायची, हा प्रश्न उरला. मी महेशरावांच्या पत्नींना विचारलं, "नेलपॉलिश आहे का घरात? लाल नको." त्या आत जाऊन बाटली घेऊन आल्या. निळी. ताटातल्या हळदकुंकवाशेजारी ती धरून बघितली. पूजेच्या ताटात निळं काही नव्हतं. प्रत्येक नटाला एकेक ठिपका दिला, अर्धा नटावर, अर्धा बोल्टवर.

गाडी खाली घेतली. त्यांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. महेशराव स्टिअरिंगवर बसले. आप्पांनी टोपी सारखी केली आणि डावा दरवाजा उघडला.

मी पक्कड पुसून पिशवीत टाकली आणि दरवाज्यावर हात ठेवला.

"आप्पा, तुम्ही जरा पायरीवर बसा. आधी घाटाअलीकडच्या बोगद्यापर्यंत एक फेरी मारून येतो आम्ही," मी म्हटलं. "डाव्या बाजूला मी बसते."